'कर'चा प्रवास : कोकणातील बेने इस्राएलांची आडनावे, उगम आणि विस्तार

आडनाव म्हणजे घराण्याचा पत्ता, असे मराठीत सहज म्हटले जाते. महाराष्ट्रातील 'कर'अन्त आडनावांच्या बाबतीत हे विधान अक्षरशः खरे ठरते. पेणकर, रोहेकर, चौलकर, केहिमकर, नवगावकर ही आडनावे वाचताना रायगड जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. मात्र यांतील कित्येक आडनावे धारण करणारी माणसे आज रायगडात नाहीत. ती मुंबई, ठाणे, पुणे, अहमदाबाद येथे, आणि त्याहून कितीतरी अधिक संख्येने इस्राएलमधील अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद, रामले या नगरांत राहतात. कोकणातील ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएल समाजाचा, हा आडनावांचा ठेवा मराठी आडनावांच्या अभ्यासात महत्त्वाचा आहे. गावाने दिलेले नाव गावाबाहेर किती दूर जाऊ शकते, याचे असे दुसरे उदाहरण मराठी प्रदेशात क्वचितच सापडेल.

'कर' प्रत्ययाचे स्वरूप

संस्कृतात 'कर' म्हणजे करणारा. दिनकर, प्रभाकर, सुधाकर या नावांत तो अर्थ आहे. मराठीत गावाच्या नावाला लागणारा 'कर' मात्र 'तेथील रहिवासी' किंवा 'तेथून आलेला' एवढेच सांगतो. पुण्याचा तो पुणेकर, मुंबईचा तो मुंबईकर. हा प्रत्यय लावताना गावाच्या नावात थोडा फेरफारही होतो. रोहा या आकारान्त नावापासून रोहेकर, आपटा यापासून आपटेकर असे रूप बनते. सातारा या नावातील शेवटचा आकार गळून सातारकर होते. पाली, डोंबिवली यांसारखी ईकारान्त नावे तशीच राहून पालीकर, डोंबिवलीकर अशी रूपे होतात.

हा प्रत्यय कोणत्याही एका जातीचा वा धर्माचा नाही. होळ गावचे मल्हारराव होळकर झाले, निंबळकचे निंबाळकर. मंडणगड तालुक्यातील आंबडवे या मूळ गावावरून सकपाळ घराण्यातील भीमरावांचे नाव शाळेत आंबडवेकर असे लागले आणि पुढे ते आंबेडकर झाले. गोव्यातील मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव धारण केले. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली 'कर' आडनावे आहेत. 'दिवेकर' हे आडनाव चित्पावन ब्राह्मणांत जसे आढळते तसेच बेने इस्राएलांतही आढळते. धंद्यावरून वा पदावरून पडलेले आडनाव पुष्कळदा जातीचा सुगावा देते. गावाचे आडनाव तो देतेच असे नाही. पेणकर म्हटल्यावर माणूस पेणचा एवढेच कळते. मराठी समाजात जिथे आडनावावरून माणसाचे मोजमाप होत आले, तिथे या प्रत्ययाचे हे मौन अनेकांना उपकारक ठरले आहे.

गावात 'कर' का नसतो?

खालापूर तालुक्यातील कुंभिवली हे गाव उदाहरणादाखल घेऊ. कर्जत-खालापूरच्या या डोंगराळ पट्ट्यात 'वली'ने संपणारी गावनावे पुष्कळ आहेत. आंबिवली, चिंचवली, माणिवली अशी ती नावे असून त्यांच्या पूर्वपदात अनेकदा झाडाचे नाव असते. कुंभिवलीच्या नावात कोकणच्या रानात सर्वत्र आढळणाऱ्या कुंभ्याच्या झाडाचे नाव दिसते. आता व्याकरणाप्रमाणे कुंभिवलीचा रहिवासी तो कुंभिवलीकर. परंतु प्रत्यक्ष गावात एखाद्याला या नावाने हाक मारण्याचे कारण पडत नाही. तिथे सगळेच कुंभिवलीकर. ओळख पटवण्यासाठी तिथे घराणे, पद, व्यवसाय किंवा पाडा सांगावा लागतो.

म्हणूनच या परिसरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या समाजांत पाटील, ठाकूर, म्हात्रे, भोईर अशी आडनावे ठळकपणे दिसतात, तर कातकऱ्यांत वाघमारे, पवार, मुकणे, हिलम ही आडनावे आढळतात. १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि माणिवलीचे हिराजी गोमाजी पाटील या दोघांची आडनावे पदावरून आलेली आहेत. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचे आडनाव भावे. त्यात गावाचा मागमूस नाही.

यावरून एक सामान्य नियम निघतो. 'कर' हे नाव माणसाला बहुधा गाव सोडल्यावर मिळते. ते देणारे असतात परक्या गावचे लोक, पलटणीतले कारकून, शाळेतले मास्तर किंवा बाजारपेठेतले व्यापारी. ज्या समाजात 'कर' आडनावांचे प्रमाण मोठे, त्या समाजाने आपली गावे मोठ्या प्रमाणावर सोडली, असे अनुमान काढता येते. बेने इस्राएलांच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडते.

समाजाची पूर्वपीठिका

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांचे दफन नवगावला झाले. आजही तेथील स्मशानभूमी समाजाला पूज्य आहे. या घटनेचा काळ परंपरेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सांगितला जातो. त्याला समकालीन लेखी पुरावा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या, आणि त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे असा अंदाज मांडण्यात आला.

कोकणात स्थिरावल्यावर या लोकांनी तेलघाण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. भाषा मराठी, पोशाख कोकणी, आणि नावेसुद्धा मराठी वळणाची झाली. शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हस्साजी, अब्राहमचा अबाजी आणि मोशेचा मुसाजी. मात्र ही नावे बायबलमधील थोड्याच नावांतून निवडलेली असल्याने एकाच नावाची अनेक माणसे असणे अपरिहार्य होते. गावोगावच्या समाजी हस्साजींमध्ये भेद करायचा तर गाव सांगणे हाच सोपा मार्ग होता.

आडनावे आणि त्यांची गावे

बेने इस्राएल आडनावे शंभराहून अधिक गावांवरून आलेली आहेत. त्यांतील बहुतेक गावे आजच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मोडतात. त्यांतील काही जोड्या पुढीलप्रमाणे आहेत.

अलिबाग तालुका : किहीमवरून केहिमकर, नवगाववरून नवगावकर, झिराडवरून झिराडकर, चौलवरून चौलकर किंवा चेऊलकर, नागाववरून नागावकर, पेझारीवरून पेझारकर, पोयनाडवरून पोयनाडकर.

पेण तालुका : पेणवरून पेणकर, वाकरूळवरून वाकरूळकर.

रोहा आणि मुरुड तालुके : रोह्यावरून रोहेकर, कुंडलिका नदीकाठच्या अष्टमीवरून अष्टमकर, मुरुडजवळच्या राजपुरीवरून राजपूरकर.

पनवेल तालुका : आपट्यावरून आपटेकर.

ही यादी नकाशावर मांडली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आडनावे देणारी गावे मुख्यतः किनाऱ्यालगत आणि खाड्यांच्या काठी आहेत. पेणपासून पूर्वेकडे बोरघाटाच्या दिशेने सरकू लागले की ती विरळ होतात. वाकरूळ आणि आपटा ही दोन नावे कर्जत-खालापूरच्या सीमेजवळ येतात. खालापूर तालुक्यातून वाहत येणारी पाताळगंगा पुढे आपट्याजवळून जाते. त्यापलीकडे घाटाखालच्या जंगलपट्टीत हा समाज फारसा पसरला नाही. नारळ आणि तिळाचे तेल, मीठ, बंदरावरचा व्यापार यांच्याशी जोडलेल्या समाजाने समुद्राची सोबत सोडली नाही. एकोणिसाव्या शतकात कर्जतचा समावेश कुलाब्यात नव्हे तर ठाणे जिल्ह्यात होता, हेही येथे लक्षात ठेवावे. आजच्या जिल्ह्याच्या सीमा डोक्यात ठेवून जुनी आडनावे शोधणाऱ्यांची फसगत होण्याचा संभव असतो.

काही आडनावांना समाजात धार्मिक मानही होता. दाविद रहाबी नावाच्या विद्वानाने या समाजाला ज्यू धर्माचारांचे पुन्हा शिक्षण दिले आणि तीन शिष्यांना 'काजी' म्हणून नेमले, अशी परंपरा आहे. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांकडे ते काजीपद वंशपरंपरेने चालत आले. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव या घराण्यांपुरते अधिकाराचेही चिन्ह बनले.

गावातून मुंबईकडे

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर बेने इस्राएल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. बांधकाम, गोदी आणि विशेषतः इंग्रज कंपनीची पलटण ही त्यांची आकर्षणे होती. पलटणीतील हजेरीपटावर नाव, वडिलांचे नाव आणि ओळख पटवणारे आडनाव लिहावे लागे. बोलण्यात सैलपणे वापरले जाणारे 'अमुक गावचा' हे वर्णन अशा नोंदींतून पक्के आडनाव बनले.

या काळातील सर्वांत परिचित नाव समाजी हस्साजी दिवेकर, अर्थात सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांचे आहे. कंपनीच्या पलटणीत असताना म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटका झाली तर देवाचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे समाजात सांगतात. मुंबईत परतल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवी भागात शहरातील पहिले सिनेगॉग उभारले. 'शाआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे त्याचे नाव. तेथील सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव त्यांचेच स्मरण देते.

एकोणिसाव्या शतकात गावोगावीही सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याचे १८४२ सालचे, अलिबागचे 'मागेन आबोथ' १८४८ सालचे, पनवेलचे 'बेथ एल' १८४९ सालचे आणि पेणचे १८६३ सालचे आहे. समाज गाव सोडत होता त्याच काळात गावात प्रार्थनामंदिरेही बांधत होता, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. मुंबईत कमावलेले पैसे आणि तिथे मिळालेले धर्मशिक्षण दोन्ही परत गावाकडे वाहत होते.

पलटण आणि रेल्वे यांच्या मागोमाग ही आडनावे घाटावर आणि पुढेही गेली. पुण्याच्या रास्ता पेठेतील 'सुक्काथ श्लोमो' सिनेगॉग १९२१ सालचे, अहमदाबादचे 'मागेन अब्राहम' १९३४ सालचे. कराचीतील 'मागेन शालोम' सिनेगॉग १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधले. १९८८ साली ती वास्तू पाडण्यात आली. सिंधमधील एका प्रार्थनामंदिराचा संस्थापक नावाने 'कर' असावा, यातच कोकणच्या या समाजाचा विस्तार ध्यानी येतो.

'कर' गळतो तेव्हा

इंग्रजी शिक्षणाबरोबर एक उलटी प्रक्रियाही सुरू झाली. समाजी पुन्हा सॅम्युअल झाला, मुसाजी मोझेस झाला, आणि पुष्कळांनी गावाचे आडनाव मागे टाकून वडिलांचे वा आजोबांचे नावच आडनाव म्हणून लावले. सॅम्युअल, बेंजामिन, जेकब, रूबेन, सॉलोमन, इझिकेल ही आडनावे त्यातून रूढ झाली. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच पद्धतीने ओळखले गेले. महालक्ष्मी-वरळी परिसरातील डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्या नावाचा आहे. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल (१९२४-२००४) यांच्या घराण्याचे आडनाव तळकर होते. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कवीला वाचक मात्र इझिकेल म्हणूनच ओळखतात.

काहींनी फक्त प्रत्यय गाळला. कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ साली पद्मश्रीने गौरविलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात अलिबागजवळचे गाव उघड आहे, 'कर' मात्र नाही. आणखी काहींच्या नावातून आडनावच दिसेनासे झाले. 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटातील जॉनचाचा रंगवणारे नट डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर 'डेव्हिड' एवढेच झळकत राहिल्याने त्यांच्या नावातले चौल बहुतेक प्रेक्षकांना कधी कळलेच नाही.

उलटपक्षी काहींनी गावाचे नाव आवर्जून जपले. हिब्रूचे पंडित आणि ज्यू धर्मग्रंथांचे मराठी अनुवादक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) हे त्यांपैकी एक. दुसरे हाईम सॅम्युअल केहिमकर. त्यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. तीच पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. समाजाचा सविस्तर इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केला, आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. आडनावांची गावे, घराणी आणि चालीरीती यांविषयी आज जी माहिती हाती आहे, तिचा मोठा भाग या ग्रंथामुळे टिकून राहिला.

इटलीशी तुलना

गावाचे नाव आडनाव म्हणून वाहून नेणारे ज्यू केवळ कोकणातच झाले असे नाही. याचे सर्वांत जवळचे साम्य इटलीत सापडते. इटलीतील सर्वांत प्रचलित आडनाव 'रोस्सी'. ते लालसर केसांवरून वा वर्णावरून पडलेले, आपल्याकडील गोरे, काळे, पिंगळे यांच्यासारखे. रोमानो, मिलानेझे, जेनोवेझे, नापोलितानो ही आडनावे नगरांवरून आलेली असून तिथले 'एझे' आणि 'आनो' हे प्रत्यय आपल्या 'कर'चेच काम करतात. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर इटलीतील चर्चमध्ये बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक झाले आणि बोलण्यातली आडनावे कागदावर स्थिरावली. आपल्याकडे पलटणीचा हजेरीपट आणि शाळेचा दाखला यांनी जे केले, तेच तिथे चर्चच्या वहीने केले.

इटलीतील ज्यूंमध्ये नगरनामांची आडनावे विशेष आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात जावे लागलेल्या या कुटुंबांना नव्या गावाने जुन्या गावाच्या नावाने ओळखले. गणिती व्हितो व्होल्तेरा (१८६०-१९४०) यांच्या आडनावात टस्कनीतील व्होल्तेरा हे नगर आहे, जन्म मात्र अँकोना येथे झाला होता. चित्रकार अमेदेओ मोदिल्यानी (१८८४-१९२०) यांच्या आडनावात मोदिल्याना हे गाव आहे, जन्म लिव्होर्नोचा. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो पोंतेकोर्व्हो (१९१३-१९९३) यांच्या आडनावात पोंतेकोर्व्हो गाव आहे. मोदिल्यानी आणि केहिमकर या दोन आडनावांची घडण एकच आहे. फरक कारणाचा आहे. इटलीत स्थलांतरामागे अनेकदा हद्दपारी, बंदिस्त वस्त्या आणि छळ होता. कोकणात या समाजाने धर्मामुळे गाव सोडल्याची नोंद नाही. त्याने गाव सोडले ते पोटासाठी आणि पुढे स्वतःच्या राष्ट्राच्या ओढीने.

लोकसंख्या आणि विस्तार

भारतात जनगणनेत धर्म आणि मातृभाषा यांची आकडेवारी प्रसिद्ध होते, आडनावांची होत नाही. त्यामुळे एखादे आडनाव किती जण लावतात हे थेट सांगता येत नाही. समाजाच्या संख्येवरून अंदाज बांधावा लागतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील बेने इस्राएलांची संख्या सुमारे २० हजार होती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, १९५० साली तेथे जगभरातील ज्यूंना प्रवेशाचा हक्क देणारा कायदा झाला, आणि पुढील दोन-तीन दशकांत समाजाचा फार मोठा भाग तिकडे गेला. आज भारतात सर्व गटांचे मिळून ज्यू चार-पाच हजारांच्या आसपास उरले असून त्यांतील बहुसंख्य बेने इस्राएल आहेत आणि ते मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात राहतात. इस्राएलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या याच्या अनेक पटींनी अधिक, ऐंशी हजारांच्या घरात मानली जाते, आणि त्यांत बेने इस्राएल हाच सर्वांत मोठा गट आहे. थोडक्यात, रायगडच्या या 'कर' आडनावांचे वारसदार आज बहुसंख्येने भूमध्य समुद्राच्या काठी आहेत.

हे स्थलांतर सुखाचेच होते असे नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमधील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांसंबंधी त्यांच्या पूर्वजांच्या ज्यूपणाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. ज्या समाजाला कोकणात शेजाऱ्यांनी शतकानुशतके 'शनिवार तेली' म्हणून ज्यू धर्मपालनावरूनच ओळखले होते, त्याच्या ज्यू असण्यावर ज्यूंच्याच राष्ट्रात शंका घेतली गेली. नोंदणी करताना आडनाव 'कर' निघाले की चौकशी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू असून त्यांना समान हक्क आहेत असे जाहीर केले. गावाचे नाव टिकवण्याची किंमत या पिढीने अशी मोजली.

हिब्रू भाषेत या आडनावांना आणखी काही गमतीशीर अडचणी आल्या. हिब्रूत 'कर' या उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'थंड' असा होतो. तिथल्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि 'ळ'ला अक्षरच नाही. त्यामुळे वाकरूळकर हे नाव अपरिचित माणसाने नीट वाचणे कठीण. आपटेकर या नावाची तर तिथे वेगळीच गाठ पडते. पूर्व युरोपातील ज्यूंत 'आप्तेकर' हे आडनाव आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ औषधविक्रेता. दोन कुटुंबांची आडनावे जवळपास सारखी दिसतात, पण एकाच्या मुळाशी औषधांचे दुकान आणि दुसऱ्याच्या मुळाशी पाताळगंगेकाठचे गाव आहे. केवळ आडनावाच्या उच्चारावरून वंशावळ जुळवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आज मागे काय उरले?

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागजवळ खंडाळे येथे एलियाहू हानाबीचा टापा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी समाजाचे लोक नवस फेडायला येतात आणि गोड पोह्यांचा 'मलिदा' वाटतात. इस्राएलमध्ये जन्मलेली तरुण मंडळीही तिथे येतात, आणि आपल्या आडनावाच्या गावाची पाटी शोधून तिच्याशेजारी छायाचित्र काढून घेतात. पाटीवरचे देवनागरी नाव अनेकांना वाचता येत नाही. पण त्याचा उच्चार त्यांना ठाऊक असतो, कारण ते रोजच्या सहीत असते. इस्राएलमधील मराठी भाषकांनी 'मायबोली' हे नियतकालिक चालवले, त्याचे नावही या नात्याला साजेसेच आहे.

नवी आडनावे मात्र आता तयार होत नाहीत. शाळेचा दाखला, जन्मनोंद, आधार कार्ड यांमुळे आडनाव जन्माबरोबरच गोठते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही लावणे बंधनकारक झाले. नावाच्या रचनेत बदल झाला, आडनाव तेच राहिले. कर्जत-खालापूर पट्ट्यातून १८५६ साली खोपोलीपर्यंत रेल्वे आली, पुढे वीजनिर्मिती केंद्र आणि कारखाने आले, २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तालुक्याच्या मधून गेला. बाहेरून माणसे आली आणि गावची माणसे बाहेर गेली. दोनशे वर्षांपूर्वी याच घडामोडींतून आणखी वीस-पंचवीस 'कर' आडनावे जन्माला आली असती. आज कुंभिवलीहून मुंबईला वा परदेशी गेलेला पाटील पाटीलच राहतो, आणि त्याच्या नातवंडांच्या नावात कुंभिवलीची खूण उरत नाही.

म्हणून ज्या वाचकांच्या आडनावात एखादे गाव आहे, त्यांनी ते गाव नेमके कोणत्या तालुक्यातले, त्याच नावाची दुसरी गावे कोणती आणि आपले घराणे तेथून केव्हा निघाले, हे घरातील वृद्धांकडून विचारून लिहून ठेवावे. जमिनीचे जुने उतारे, शाळेचे जुने दाखले, देवस्थानांच्या व सिनेगॉगच्या नोंदी आणि स्मशानभूमीतील शिलालेख ही त्यासाठीची विश्वसनीय साधने होत. केहिमकरांनी ते काम एका समाजासाठी वेळेवर केले, म्हणून अश्दोदमध्ये जन्मलेल्या मुलाला आजही आपले किहीम सापडते.